पीसीआर लागला, आता दोन तास काय?

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते आहे. पीसीआर (नळ्या आलटूनपालटून तापवून-निववून डीएनएच्या असंख्य प्रती काढणं) लावला की दोन तास हात मोकळे. पेपर वाचायचा ठरवते आणि मोबाईल बघत बसते. रात्री स्वतःचाच राग येतो. काय करू? (कॉलेज रोड)

हे दोन तास तुला मिळाले कसे, ते आधी ऐक. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना पीसीआर सुचला १९८३ मध्ये. त्या सुरुवातीच्या दिवसांत वेगवेगळ्या तापमानाचे वॉटर बाथ मांडायचे, हातात स्टॉपवॉच धरायचं आणि नळ्या इकडून तिकडे हलवत राहायचं. ९५ अंशांच्या आसपास प्रती काढणारं एन्झाइम मरायचं, म्हणून प्रत्येक फेरीत ते नव्याने घालायचं. बूड टेकायची सोय नव्हती. पुढे अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूचं उष्णता सोसणारं एन्झाइम वापरात आलं, तेव्हा कुठे नळीचं झाकण लावून माणूस उठू शकला. तुझी विश्रांती त्या जीवाणूच्या कृपेची आहे. थोडी मोबाईलवर उधळलीस तर तो काही रागावणार नाही.

पण पहिली दहा मिनिटं वहीची. कोणता प्रायमर, कितवी डायल्यूशन, सहा नंबरच्या नळीत बुडबुडा होता का, सातवीत मास्टर मिक्स (सगळ्या नळ्यांचं एकत्र केलेलं मिश्रण) कमी पडला का, सगळं लगेच उतरव. 'संध्याकाळी लिहू' म्हणणारे संध्याकाळी जे व्हायला हवं होतं ते लिहितात. मीही लिहिलंय, आणि तीन महिन्यांनी त्याच पानावर डोकं आपटलंय.

मग पीसीआरमधून आलेला डीएनए तपासायचं जेल ओतून ठेव. ते घट्ट व्हायला अर्धा तास लागतो. पीसीआर संपल्यावर ओतायला घेतलंस तर तो अर्धा तास फुकट गेलाच. हे झालं की तासभराचा एक सलग तुकडा उरतो. त्यात काय करायचं ते सकाळीच ठरव, कारण त्या क्षणी ठरवायला गेलीस की मोबाईल जिंकतो. आणि 'पेपर वाचायचा' हे काही काम नव्हे. 'द्राक्षाच्या पानातून यांनी डीएनए कसा काढला, तेवढंच बघायचं' हे काम.

मोबाईलवरून आठवलं. हातमोज्याच्याच हाताने फोन उचलणारी मुलं मी रोज बघते. मघाशी त्याच हाताने इथिडियम ब्रोमाईडचं, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या घातक रंगाचं, जेल उचललेलं असतं, आणि मधल्या सुट्टीत तोच फोन वडापावशेजारी पडलेला असतो. फोन बघायचा तर बघ, पण मोजे काढून, हात धुऊन.

प्रश्न : वायनरीतून आणलेल्या चोथ्यातल्या द्राक्षबियांचं तेल काढतोय. हेक्झेन या द्रावकावर सॉक्सलेट (द्रावक उकळवून पुन्हा पुन्हा तेल ओढणारं काचेचं उपकरण) सहा तास चालतो. मित्र म्हणतात, तेवढ्यात मिसळ खाऊन येऊ. जाऊ का? (एमएस्सी, गंगापूर रोड)

नाही.

मी गेले होते, म्हणून सांगते. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नळाचं पाणी जोडलं होतं. मी बाहेर असताना रबरी नळी तोटीवरून निसटली. परत आले तर लॅबमध्ये घोट्याएवढं पाणी, आणि खालच्या मजल्यावरच्या कार्यालयाच्या छतातून धार. तेव्हा फ्लास्कमध्ये नुसता मेथनॉल-पाण्याचा अर्क होता आणि शेजारच्या मुलीने वेळेवर हीटर बंद केला, म्हणून निभावलं. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं आणि भुरकन पेटतं. कंडेन्सर थंड राहिला नाही, तर सगळी वाफ खोलीत येते. आपल्याकडे नळाच्या पाण्याचा भरवसा किती, तुला ठाऊक आहेच.

लॅबमधलं थांबणं सगळं एका जातीचं नसतं. पीसीआर सोडून कॅन्टीनला जाता येतं, इन्क्युबेटर सोडून घरी जाता येतं, सॉक्सलेट सोडून कुठेच जाता येत नाही. तिथेच बसून उद्याच्या बाटल्यांना लेबलं लाव, कालच्या आकड्यांचा आलेख काढ. मिसळ खायला दोघांनी पाळीपाळीने जा.

प्रश्न : मुलगी रविवारीही लॅबमध्ये जाते. विचारलं तर म्हणते, 'कल्चर वाढतंय.' ते वाढायला माणूस कशाला लागतो? (एक वडील, पंचवटी)

काका, कोणतं कल्चर ते विचारा. ई. कोलाय हा जीवाणू चांगल्या माध्यमात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. त्याचा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे वाढीचा आलेख, काढत असेल तर दर अर्ध्या तासाला नमुना घ्यावा लागतो, तिला उठता येत नाही. पण बुरशीच्या प्लेट्स असतील तर तुमचं म्हणणं रास्त आहे. पाच दिवसांनी मोजायच्या प्लेट्स मंगळवारी लावल्या की मोजणी नेमकी रविवारी येते. तिला बुधवारी लावायला सांगा.

प्रश्न : अंबडच्या खासगी तपासणी लॅबमध्ये आहे. निर्यातीच्या द्राक्षांचे चाळीस नमुने एलसी-एमएसला (कीटकनाशकांचे अंश मोजणाऱ्या यंत्राला) लावून बसले, की साहेब काचेची भांडी धुवायला सांगतात.

बसलेलं माणूस रिकामंच दिसतं. म्हणून त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं : 'सर, रांग लावली आहे. ब्लँक आणि पहिलं स्टँडर्ड येईपर्यंत इथेच आहे, मग कालच्या आलेखांतली टोकं (पीक) तपासते.' ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना नसलेल्या कोऱ्या द्रावणात, आधीच्या नमुन्याचं काही उतरलेलं दिसलं किंवा रिटेन्शन टाइम (पदार्थ यंत्रातून बाहेर पडायची वेळ) सरकला, तर ते पाचव्या नमुन्याला कळलेलं बरं की चाळिसाव्याला, हे साहेबांना पटायला वेळ लागणार नाही. तरीही आठवड्यातून एकदा भांडी धू. आपल्याच फ्लास्कला साबण राहिला होता, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

प्रश्न : आणि वीज गेली तर? (सिन्नर)

डीप फ्रीझरचं दार उघडायचं नाही. पीसीआर, सेंट्रीफ्यूज, हीटर यांची बटणं बंद करायची, म्हणजे वीज येताना झटका बसत नाही. वहीत वेळ लिहायची. मग चहा.