कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे कशावरून ठरतं? त्यांच्यातही माणसासारखी एक्स-वाय गुणसूत्रं असतात का?

बहुतेक कासवांत एक्स-वायची भानगडच नसते. अंडं किती उबेत वाढलं यावरच पिल्लू नर की मादी ते ठरतं. समुद्री कासवांत साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात, वाळू त्याहून गार असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. त्यामुळे एकाच मादीचं एक घरटं भर उन्हात आणि दुसरं झाडाच्या सावलीत असेल, तर पिल्लांचं प्रमाण पार वेगळं निघू शकतं. यातही पूर्ण काळाचं तापमान मोजलं जात नाही. अंडं उबण्याच्या काळातला मधला साधारण एक तृतीयांश भाग महत्त्वाचा. तेव्हा भ्रूणाची जननग्रंथी अजून कोरी असते, म्हणजे ना वृषण ना अंडाशय. उष्णता वाढली की अरोमाटेझ नावाचं विकर (एन्झाइम) जोरात येतं, ते नर संप्रेरकांचं इस्ट्रोजेन हे मादी संप्रेरक करतं आणि ग्रंथी अंडाशयाकडे वळते. याचा परिणाम दिसूही लागलाय: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या समुद्री कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. मात्र हा नियम सरसकट नाही. मऊ पाठीच्या काही कासवांत पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू गुणसूत्रं असतात आणि नर-मादी त्यांवरूनच ठरतं, तिथे वाळू तापली काय नि गार राहिली काय, फरक पडत नाही. मगरींचं तर आणखी तिसरंच: मधल्या तापमानाला नर, दोन्ही टोकांना माद्या.