गलतीकरांस पत्र शिकवायला घेताना

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तरुण संघात पौलाचं गलतीकरांस पत्र घ्यायचं ठरवलंस, बरं झालं. विषय नियमशास्त्र (मोशेमार्फत मिळालेल्या आज्ञा) आणि नीतिमत्त्वाचा (देवापुढे योग्य ठरण्याचा) असला की बहुतेक जण थेट 2:16 गाठतात आणि ‘कर्मांनी नाही, विश्वासाने’ असं सांगून मोकळे होतात. पोरं मान डोलावतात, हाती काही लागत नाही. तू भांडणापासून सुरू कर. 2:11 ते 14 मोठ्याने वाचून घे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची, सुंतेचा आग्रह धरणारी यहुदी माणसं आली तसा तो त्यांच्या भीतीने पंगतीतून मागे सरला, आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. पंगत म्हटल्यावर आपल्या लोकांना जास्त समजवावं लागत नाही. मंडळीतल्या सोयरिकींत जात कशी डोकावते असं कुणी विचारलं, तर विषयांतर म्हणून टाळू नकोस.

मग फळ्यावर आडवी रेघ ओढ. सुरुवातीला उत्पत्ती 15:6: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं. पुढे इश्माएलाचा जन्म, वय 86 (16:16). सुंता, वय 99 (17:24). इसहाकाचा जन्म, वय 100 (21:5). त्यानंतर इसहाकाचं अर्पण, अध्याय 22. रेघ आणखी लांबव: गलती 3:17 प्रमाणे नियमशास्त्र आलं ते वचनानंतर 430 वर्षांनी. पौलाचा मुद्दा या क्रमावर उभा आहे. सुंतेआधी निदान 13 वर्षं जो नीतिमान गणला गेला, त्याला सुंतेने नीतिमान केलं असं म्हणणार कसं? रोम 4:10 इथेच जोडून घे.

याकोब 2:24 (‘केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो’) काढून कुणीतरी अडवणारच. रेघेच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखव. याकोब अध्याय 22 बद्दल बोलतोय, आणि आधाराला घेतो तेच 15:6. अर्पणाने विश्वास पूर्ण झाला, असं तो म्हणतो. तो तिथे सुरू झाला असं नाही. गटात वसईकडची कॅथलिक मुलं असतील तर हेही सांग, की याच विषयावर ल्यूथरन आणि कॅथलिकांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी औग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांना शाप देणं थांबलं.

गाडी घसरते ती नियमशास्त्राला वाईट ठरवताना. पौल त्याला पवित्र म्हणतो (रोम 7:12). निर्गम 20 वाचताना दुसरी ओवी गाळू नकोस. मिसरातून सोडवल्याचं आधी येतं, आज्ञा मागाहून. लूक 18 मधला परूशीही (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) खलनायक नव्हे. नियमशास्त्राने नेमलेला उपास वर्षातून एक, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करत होता. बिघडलं ते त्याने शेजारच्या जकातदाराला माप म्हणून वापरलं तिथे. आपल्याकडे टिकली, दागिने, सिनेमा यांच्या याद्या हेच काम करतात. हे सौम्यपणे सांग, नाहीतर वडीलमंडळींशी नसता वाद ओढवशील.

शेवटची 15 मिनिटं मोकळी ठेव. ‘मग पाप केलं तरी चालेल का?’ असं कुणी विचारेलच. स्वतःच्या मनाने उत्तर देऊ नकोस, विचारणाऱ्यालाच रोम 6:1-2 वाचायला लाव. नंतर गलती 5:6 आणि 5:13-14 घे, आणि पुढच्या बैठकीसाठी पाचवा अध्याय घरी वाचून यायला सांग.