हौशी मोटरसायकल रेसिंगमध्ये प्रतिस्पर्धी खरंच मित्र होतात का? जळगाव-धुळ्याकडे राहून यात पडायचं तर सुरुवात कुठून करावी?

होतात. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा मोठा भाऊ म्हणतो, "ट्रॅकवर कोणी कोणाचं नसतं, ज्याने त्याने आपली गाडी बघावी." हेच वाक्य मी धुळ्यात आमच्या आप्पाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर कोणती गाडी घ्यावी, लायसन कुठून काढावं हे सांगणारे पुष्कळ आहेत.

आप्पा म्हणजे आमचा फिटर. पारोळा रोडला गॅरेज होतं. नव्वदच्या दशकाचा शेवट. यामाहा आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्ये थांबलं होतं, पण जुन्या गाड्या चिक्कार आणि आमच्या खिशाला परवडणाऱ्या. 98 सीसी, टू-स्ट्रोक, कंपनीकडून आली की अकरा हॉर्सपॉवर. आप्पाच्या हाताखालून गेली की किती, ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, पण लळिंगच्या चढाला कळायचं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचा, मागचं चक्र मोठं टाकायचा, ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळायचा आणि ब्लॉकचे, म्हणजे सिलिंडरचे, पोर्ट (पेट्रोल-हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं) हाताने घासायचा. रात्री गॅरेजचं शटर अर्धं ओढून, बल्ब ब्लॉकमध्ये धरून, एका पोर्टवर तीन-तीन तास. त्या कामाला त्याने कधी कोणाकडून पैसे घेतले नाहीत.

रेसला जायचं म्हणजे नाशिककडे, पुण्याकडे. खान्देशात कायमचा ट्रॅक तेव्हा नव्हता. मैदान भाड्याने घ्यायचं, ट्रॅक्टरने वळणं काढायची, पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसवायची आणि दोन दिवस रेस. आमच्या गाड्या कापूस पोचवून परतणाऱ्या टेम्पोत जायच्या. कपड्यांना दोन दिवस सरकीचा वास.

आता मूळ गोष्ट. नाशिकजवळ डर्ट ट्रॅक होता. शहाद्याचा एक जण आमच्याच गटात धावायचा. आम्ही त्याला शहादेकरच म्हणायचो. घरी ऊस, स्वभाव अबोल, वळणात मात्र पाय टेकवून गाडी अशी टाकायचा की बघत राहावं. त्याचं-माझं हाडवैर म्हणावं इतकी चुरस होती. रविवारी सकाळच्या प्रॅक्टिसला त्याची गाडी सरळ पट्ट्यावर सीज झाली, म्हणजे पिस्टन आतच जाम झाला. मागचं चाक लॉक झालं, त्याने क्लच दाबला म्हणून वाचला. ढकलत ढकलत आला, हेड उतरवलं, तर ब्लॉकला खालपासून वरपर्यंत रेघा. रविवार, दुकानं बंद. फायनल दुपारी. कोणाकडे काही मागितलं नाही त्याने. हेडचे नट रुमालावर ओळीने मांडून बसून राहिला.

माझ्या पेटीत आप्पाने तयार केलेला दुसरा ब्लॉक होता. पिस्टन बसवून, आधी चालवून मोकळा केलेला, म्हणजे टाकला की लगेच पळवता येईल असा. मी तो काढून त्याच्या हातात दिला. आप्पा तेव्हा पेट्रोल आणायला गेला होता.

आप्पा परत आला तेव्हा शहादेकर पिस्टनच्या पिनेचं लॉक बसवत होता. आप्पाने एकदा ब्लॉककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुनं डोकं फिरनं का रे?" एवढंच. मला वाटलं, आता ब्लॉक काढून घेतो. तो खाली बसला. आधी क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबलं, लॉक सुटून आत पडू नये म्हणून. लॉक बसवून झालं, फडकं काढलं. मग दोन्ही रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर नखाने चाचपून बघितली, कारण टू-स्ट्रोकला रिंग फिरली की पोर्टमध्ये अडकून तुटते. मग ब्लॉक हलक्या हाताने खाली सरकवला, आणि पाना शहादेकरच्या हातातून घेऊन नट स्वतः आवळले, तिरके, थोडे थोडे. आपल्या हातच्या ब्लॉकवर दुसरा पाना चालवतोय हे त्याला बघवेना. वर स्वतःच्या डब्यातला मोठा जेट, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारं तोंड, काढून त्याच्या कार्बोरेटरला लावला, कारण त्या पोर्टला साध्या जेटवर इंजिन पुन्हा सीज झालं असतं. आणि हे सगळं करताना मला शिव्या चालूच.

फायनलला शेवटच्या लॅपला शहादेकरने मला वळणात आतून मागे टाकलं. तो दुसरा आला, मी तिसरा.

चांदवडपासून मालेगावपर्यंत आप्पा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मालेगाव सोडल्यावर बोलला ते असं: ब्लॉक तुझ्या पैशाचा असेल, पण काम माझं होतं. माझं काम तू माझ्याविरुद्ध धावायला लावलंस. रेस म्हणजे रेस, भाऊबंदकी घरी. आजही लग्नाकार्यात आम्ही भेटलो की पंगतीत हाच विषय निघतो, आणि दोन्ही बाजूंना माणसं जमतात.

माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं, आजही तेच. आप्पाच्या हातचं काम त्या दिवशी एका गाडीवर नाही, दोन गाड्यांवर धावलं आणि दोन्ही गाड्या पहिल्या तिनात आल्या. दुसरं, हौशी रेसमध्ये गटात पुरेसे स्पर्धक नसले तर आयोजक तो गट रद्द करतात किंवा दुसऱ्या गटात ढकलतात. म्हणजे शेजारच्या रेषेवर उभा असलेला माणूस नसेल तर तुमची रेसच नाही. बक्षिसाच्या पैशात टेम्पोचं भाडंही निघायचं नाही. मग माणूस कशासाठी एवढं करतो? चांगल्याशी चुरस व्हावी म्हणून. शहादेकर बाहेर बसला असता आणि मी दुसरा आलो असतो, तर तो कप मी कपाटात कोणत्या तोंडाने ठेवला असता?

शहादेकरने महिन्याभरात ब्लॉक परत आणून दिला, नव्या रिंगा घालून. माझ्याकडे नाही, आप्पाच्या गॅरेजवर नेऊन दिला. आप्पाने चहा मागवला. तेव्हापासून हिवाळ्यात त्याच्या मळ्यात भरीत ठरलेलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याची भाकरी, आणि जमलेली सगळी मंडळी एकमेकांना कधी ना कधी वळणात पाडलेली. त्याने कधी मला परतफेड म्हणून काही दिलं का? नाही, आणि तसा प्रसंगही आला नाही. आप्पा हाच मुद्दा धरून बसतो. मला तो मुद्दा वाटतच नाही. दिलेल्या पार्टचा हिशोब ठेवायचा असेल तर दुकान टाकावं.

ही रीत आमचीच नाही. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं रेस झाल्या, तिथेही माणसं घरच्या गॅरेजात बांधलेल्या गाड्या घेऊन यायची. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या आणि त्यांत पुढची पिढी शिकली. ते सगळं ज्ञान स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवलं असतं तर आपल्या देशातलं रेसिंग तिथंच संपलं असतं. कोइमतूरचा आजचा रेस ट्रॅक, कारी मोटर स्पीडवे, करिवर्धन यांच्याच नावाने आहे.

आता तुमचं. आरएक्स घेऊ नका. ती आता हौसेच्या किमतीला विकली जाते आणि चांगला ब्लॉक मिळणं मुश्कील. मातीत शिकायचं असेल तर हिरोची जुनी एक्सपल्स किंवा कुठलीही दीडशे-दोनशे सीसीची साधी फोर-स्ट्रोक बघा, जिचे पार्ट अमळनेरलाही मिळतील. पण गाडी घेण्याआधी दोन-तीन स्पर्धांना मार्शल म्हणून, म्हणजे वळणावर झेंडे दाखवायला, उभे राहा. आयोजकांना मार्शल नेहमी कमी पडतात, कोणी नाही म्हणणार नाही. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की रेस थांबली, हे वळणावर उभं राहून जितकं अंगात भिनतं तितकं वाचून नाही. आणि कोण कोणाला पाना देतो तेही तिथूनच दिसतं. अधिकृत स्पर्धेला फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं, स्पर्धा लायसन लागतं. काही ठिकाणी स्थानिक मुलांसाठी वेगळा गट असतो, तिथून सुरुवात करा. तपासणीत आरसे, दिवे, स्टँड काढलेत का, इंजिन बंद करायचं बटण चालतंय का, हेल्मेट कसं आहे हे बघतात. घरून निघण्याआधीच करून जा, तिथे वेळ मिळत नाही.

पेटीत क्लच वायर, ब्रेकचा लिव्हर, चेनचं लॉक आणि प्लग दुप्पट ठेवा. एक स्वतःला, एक दुसऱ्याला. आणि फिटरला हे घरीच सांगून ठेवा, की पेटी सगळ्यांसाठी उघडी आहे. आप्पाला मी आधी सांगितलं असतं तरी तो भांडलाच असता, पण मग भांडण धुळ्यात झालं असतं आणि प्रवास बोलत झाला असता. तुमच्या भावालाही हे वाचायला द्या.

एक राहिलं. हे सगळं बंद मैदानावरचं, अँब्युलन्स उभी असलेलं. कन्नड घाटात किंवा बायपासवर रात्री पैज लावून गाड्या पळवणारे रेसर नव्हेत, त्यांच्यात जाऊ नका. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमच्या पैजेची कल्पना नसते. गाडीच्या नेहमीच्या विम्यात रेसिंगचं नुकसान धरत नाहीत आणि अपघात विम्यातही बऱ्याचदा ते वगळलेलं असतं, पॉलिसी काढून बघा. मानेचा आणि छातीचा गार्ड सेकंडहँड चालेल, हेल्मेट मात्र दुसऱ्याचं कधीच घेऊ नका, शहादेकरने दिलं तरी.