प्रश्न वाचकांचे : गर्भात पहिली शीर कुठे फुटते?

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी पाचव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहिली. बहुतेकांत मधे काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या. एकात मात्र नुसतं लाल कडं होतं. माणसाच्या गर्भातही शिरा अशाच होतात का? आधी हृदय की आधी शिरा?
— एक शेतकरी वाचक, तालुका भिवापूर

उत्तर : ते कड्याचं अंडं आधी काढून टाका. गर्भ मेला की शिरांमधलं रक्त जाळ्याच्या कडेला जाऊन साचतं, तेच ते कडं. असं अंडं खाली राहिलं तर सडून फुटतं आणि शेजारची अंडीही खराब करतं.

आता माणसाचं. आधी शिरा, ठोके नंतर. गर्भधारणेनंतर 17-18 व्या दिवशी गर्भाला लागून असलेल्या बलकाच्या पिशवीच्या भिंतीत पेशींचे पुंजके दिसू लागतात. पुंजक्यातल्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात, त्यांची नळीची भिंत होते. आतल्या सुट्या राहतात, त्या पहिल्या रक्तपेशी. शेजारशेजारचे पुंजके जोडले जाऊन जाळं विणलं जातं. विशेष म्हणजे माणसाच्या या पिशवीत बलक जवळपास नसतोच. कोंबडीच्या पिल्लाला 21 दिवस अंड्यातल्या शिदोरीवर काढायचे असतात, आपल्या गर्भाचं पोषण वारेतून होतं. तरी शिरांची सुरुवात त्या रिकाम्या पिशवीपासूनच होते. पाठोपाठ गर्भाच्या अंगातही नळ्या तयार होतात आणि 22 व्या दिवसाच्या सुमारास हृदयाची साधी नळी आकसू-प्रसरू लागते. तेव्हा गर्भ जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरचा असतो.

एवढी घाई कशासाठी? प्राणवायू नुसता झिरपून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच पुरेसा पोहोचतो. त्याहून जाड झालेला गर्भ शिरांशिवाय जगूच शकत नाही. ज्या पेशींना प्राणवायू कमी पडतो त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि जवळच्या शिरेला त्या दिशेनं फांदी फुटते. या प्रथिनाचं प्रमाण किती नेमकं लागतं, हे 1996 मध्ये उंदरांवर दिसलं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच काढली, तरी शिरा नीट न झाल्यानं पिल्लं गर्भातच मेली.

पहिल्या जाळ्यात रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी) कोणती आणि नीला (हृदयाकडे रक्त आणणारी) कोणती हे डोळ्यांनी ओळखू येत नाही, सगळ्या नळ्या सारख्याच बारीक. रक्त वाहू लागलं की निवड होते. जिथून जोर जास्त ती नळी रुंदावते, तिच्यावर स्नायूचा थर चढतो. जिथून रक्त जात नाही ती मिटते. वहिवाट राहिली तर पांदण राहते, नाहीतर तिच्यावर गवत चढतं, तसंच. गळ्याच्या भागात रोहिणींच्या कमानी जोडीजोडीनं येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जिरून जातात. माणसात चौथ्या जोडीतली डावी कमान महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीच्या, कमानीचा भाग होते. कोंबडीत उजवी टिकते. म्हणजे तुमच्या अंड्यातलं जाळं आपल्यासारखंच, पण पुढची निवड वेगळी.

यातली सर्वांत व्यवहाराची गोष्ट वेळेची आहे. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून वरच्या दिवसांत 14 मिळवा. पाळी चुकून जेमतेम आठवडा होतो तेव्हा हृदय सुरू झालेलं असतं, आणि बऱ्याच घरांत तोवर दिवस गेल्याचं माहीतही नसतं. त्यामुळे मधुमेह असेल तर साखर आधीच आटोक्यात आणावी लागते. रुबेलाची लस गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी घ्यायची असते, गर्भारपणात ती देत नाहीत. रोजची 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूसाठी असते, पण तिचीही वेळ हीच. आणि खर्रा त्याच्या आधीच सुटलेला हवा. तंबाखूतल्या निकोटिननं शिरा आकसतात, बाळाचं वजन कमी भरतं.

प्रश्न : सोनोग्राफीत ‘नाळेत दोनच रक्तवाहिन्या’ असं आलंय. बाळात दोष आहे का?
— आशा कार्यकर्ती, तालुका कुरखेडा

उत्तर : नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. सुरुवातीला नीलाही दोन असतात, त्यातली उजवी विरून जाते. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत एक रोहिणी तयारच झाली नाही किंवा मागाहून मिटली. असं शंभरात एखाद्या गर्भात, किंवा त्याहूनही कमी, आढळतं. बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. पण 18 ते 20 आठवड्यांच्या तपासणीत हृदय आणि दोन्ही मूत्रपिंडं मुद्दाम पाहून घ्या आणि शेवटच्या तिमाहीत वाढ मोजणारी एक सोनोग्राफी करा. जन्मानंतर नाळेचं कापलेलं टोक पुसून उजेडात बघा. जाड भिंतीची, पांढरट, बारीक तोंडं रोहिण्यांची. पातळ भिंतीचं मोठं, सैल भोक नीलेचं. मोजून कागदावर लिहा.

प्रश्न : नातवाला एक दिवसाचा असताना उजव्या हाताला आणि पायाला, दोन्हीकडे ऑक्सिजनचं यंत्र लावलं. एकीकडे लावून भागत नाही का?
— एक आजी, तालुका दारव्हा

उत्तर : नाही भागत, आजी. पोटात बाळाची फुप्फुसं बंद असतात, म्हणून फुप्फुसाकडे निघालेलं बहुतेक रक्त एका जोडनळीतून थेट महारोहिणीत जातं. उजव्या हाताची शीर या जोडाच्या आधी फुटते, पायाचं रक्त जोडाच्या पुढून येतं. जन्मानंतर ही नळी बहुधा दोन-तीन दिवसांत आकसते आणि दोन-तीन आठवड्यांत कायमची बुजते. काही बाळांत हृदयाची घडण अशी चुकलेली असते की ती नळी उघडी आहे तोवरच बाळ ठीक दिसतं. म्हणून ही मोजणी बाळ 24 तासांचं झाल्यावर, घरी सोडण्याआधी करतात.

रक्तातला ऑक्सिजन दोन्हीकडे 95 टक्के किंवा अधिक आणि फरक 3 पेक्षा जास्त नाही, तर ठीक. कुठेही 90 च्या खाली आलं तर लगेच बालरोगतज्ज्ञ. मधलं काही आलं तर तासाभरानं पुन्हा. पाय गार असेल, बाळ रडत असेल किंवा यंत्रावर ऊन पडत असेल तर आकडा चुकतो. महारोहिणी एके ठिकाणी चिंचोळी असण्याचा दोष मात्र यात निसटू शकतो, त्यासाठी जांघेतली नाडी बोटांनी चाचपावी लागते. लहान वयात हृदयाचा दोष सापडला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नोंदवा, पुढचे उपचार त्यातून मोफत होतात.

याच नळीमुळे गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. त्यांनी ती पोटातच आकसू शकते.

प्रश्न : आम्ही दोघंही सिकलसेलचे वाहक. बाळ चार महिन्यांचं आहे, धडधाकट आहे. तपासणी टाळली तर चालेल?
— तालुका चामोर्शी

उत्तर : टाळू नका. गर्भाचं रक्त आधी बलकाच्या पिशवीत, मग यकृतात, शेवटी अस्थिमज्जेत तयार होतं. पोटात असताना त्यात गर्भाचं खास हिमोग्लोबिन असतं, सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्याला ते आवर घालतं. जन्मानंतर सहा महिन्यांत ते उतरत जातं, म्हणून चार महिन्यांच्या बाळात काही दिसत नाही. तुम्हा दोघांच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक आहे. या वयात गावातली विद्राव्यता चाचणी फसवी ठरते, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या. आजार निघाला तर आईनं डाव्या बरगडीखाली पोट चाचपायला शिकून घ्यावं. पाणथरी (प्लीहा) अचानक वाढून हाताला लागली आणि बाळ पांढरं पडलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.