वडिलांचे वय ७८ आणि वरचा रक्तदाब १६०: गोळी बंद करावी का?

आपले वडील ७८ वर्षांचे, घरात हिंडतेफिरते. वरचा रक्तदाब १६० ते १६५, खालचा ७० च्या आसपास. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून ते गोळी एक दिवसाआड घेतात आणि नातेवाईक 'वय अधिक शंभर इतका रक्तदाब चालतो' असे सांगतात, तेव्हा गोळी बंदच करावी का, असे आपण विचारले आहे. मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर असून माझे बरेच रुग्ण याच वयाचे आहेत.

शंभराचा हा हिशेब सोडून द्यावा. वयाबरोबर मोठ्या रोहिण्या ताठर होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो व खालचा उतरतो. पण हे घरोघरी आढळते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हायव्हेट' चाचणीत ८० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या, वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक असलेल्या रुग्णांना औषध देऊन १५०/८० चे लक्ष्य ठेवले, तेव्हा औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यातील एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतील 'स्प्रिंट' चाचणीत पंचाहत्तरीपुढील लोकांनाही १२० च्या खालील लक्ष्याचा लाभ झाला खरा, पण तिच्यातून मधुमेही, पूर्वी पक्षाघात झालेले आणि शुश्रूषागृहात राहणारे वगळलेले होते, शिवाय तेथील मोजणीही अतिशय काटेकोर होती. म्हणून तो आकडा जसाच्या तसा घरी आणू नये. आपल्या वडिलांसारख्या माणसाच्या बाबतीत, सोसत असेल तर, मी १३० ते १४० च्या दरम्यान समाधान मानतो.

आता अंधारीविषयी, कारण खरी अडचण तीच आहे. सदऱ्याची बाही दंडावर घट्ट गुंडाळून, पलंगावर पाय लोंबकळत ठेवून घेतलेल्या मापावर माझा विश्वास नाही. खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसावे आणि उघड्या दंडाला पट्टा बांधून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून रक्तदाब मोजावा. त्यानंतर उभे राहून एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा, आणि त्या वेळी कोणीतरी शेजारी असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो उठण्याशी निगडित दोष आहे आणि त्याचे कारण शोधले पाहिजे. पुष्कळदा ते प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनमध्ये, लघवी वाढवणाऱ्या गोळीत किंवा 'रात्री उठावे लागते' म्हणून पाणी कमी पिण्यात सापडते. आठवडाभराच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी आणि घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध किंवा मात्रा बदलता येते. एक दिवसाआड गोळी घेणे हा मात्र दोन्हीकडून तोट्याचा मार्ग आहे, कारण त्याने रक्तदाब आटोक्यात राहत नाही आणि अंधारीचे कारणही कळत नाही.

गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनने रक्तदाब वाढतो, हेही पाहावे. लोणचे-पापड कमी करणे उत्तमच. पण बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर ते मीठ विचारल्याशिवाय वापरू नये.

एखाद्या दिवशी आकडा १८० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. असे काहीच नसेल तर स्वस्थ बसवून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे आणि आकडा चढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. जिभेखाली कॅप्सूल फोडून रक्तदाब झटकन उतरवण्याचा जुना उपाय या वयात करू नये, कारण दाब एकाएकी कोसळल्यास मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.