सासरे दोन महिने डोळे उघडून पडलेत, डॉक्टर व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात, म्हणजे डोळे उघडे पण जाणीव नाही. त्यांना आपलं बोलणं कळतं का? एमआरआय परत करावा का?

एमआरआयचं नंतर. आधी मला सांगा, हे निदान ज्यांनी केलं ते खाटेजवळ किती वेळ उभे होते?

माझ्या धाकट्याचं दीड मिनिटात झालं होतं म्हणून विचारतोय. तासगाव रोडला गाडीवरनं पडला, हेल्मेट नव्हतं (आता बोलून काय उपयोग), महिनाभर मिरजेत आयसीयू, मग गळ्याला भोक आणि नाकात नळी घेऊन घरी सांगलीला. डोळे उघडायचा, जांभया द्यायचा, रात्री झोपायचा, पण नजर कुठंच नाही. आमचे दाजी डॉक्टर. हाडांचे. दर रविवारी अकराला यायचे, पायथ्याशी उभं राहून दोन हाका मारायचे, छातीवर मूठ घासायचे आणि आईसमोरच म्हणायचे, सगळं रिफ्लेक्स आहे, उगाच आशा लावून बसू नका. वर मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग, १९७३ ते २०१५ तशाच पडून, काय झालं शेवटी, हे ठरलेलं. अहो त्यांची केस वेगळी, याची वेगळी, एवढं तर मलाही कळतं.

मी मार्केट यार्डात अडत दुकानात हिशोब लिहितो, त्यामुळं तोंडी काही पटत नाही. वही घातली. वेळ, काय केलं, काय झालं. पहिला फटका मलाच बसला, कारण आम्ही सगळे 'हात दाबतोय, हात दाबतोय' म्हणून नाचत होतो आणि वहीत बघितलं तर 'दाब' म्हटल्यावर वीस वेळात सहादा दाबलेला आणि काही न बोलता तळव्यात नुसतं बोट ठेवलं तर वीस वेळात सातदा. म्हणजे तान्ह्या बाळाची असते तशी पकड. तिथं दाजी बरोबर. पण त्याच वहीत दुसरं दिसलं, अंग कडक होऊ नये म्हणून दहाला गोळी द्यायचो आणि पुढचे दोन तास तो पार मलूल. आणि दाजी यायचे कधी? अकराला!

मग मिरजेच्या एक फिजिओथेरपिस्ट मॅडम घरी यायला लागल्या. त्यांनी गोळीच्या आधीची वेळ घेतली, पाठ टेकवून बसवला, खांदे-दंड चांगले दाबून जागा केला आणि म्हणाल्या आरसा आणा. घरात दाढीचा गोल आरसा होता, लाल प्लास्टिकच्या कडेचा. तोंडासमोर चार-पाच इंचांवर धरला आणि अगदी हळू डावीकडं नेला. डोळे आरशाबरोबर गेले. पार कडेपर्यंत. परत मधे आणून नेला, परत गेले. आरशाऐवजी पेन धरलं तर काही नाही. स्वतःचं तोंड माणसाची नजर जास्त ओढतं म्हणे. आईला बोलावलं तर ती दारातच उभी राहिली, पुढं येईना.

हा आरसा म्हणजे कोमा रिकव्हरी स्केल, सुधारित, या जाणीव मोजणाऱ्या २३ मार्कांच्या तपासणीचा एक भाग. नजर अशी मागं जाते म्हणजे व्हेजिटेटिव्ह नव्हे, 'मिनिमली कॉन्शस', थोडी का होईना जाणीव आहे. अख्खी तपासणी एकदा करून भागत नाही, दोन आठवड्यांत कमीत कमी पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी करायची, कारण हे पेशंट तासातासाला बदलतात. २००९ साली बेल्जियममध्ये ज्या ४४ जणांना डॉक्टरांनी व्हेजिटेटिव्ह म्हटलेलं त्यातले १८ या स्केलवर मिनिमली कॉन्शस निघाले. डॉक्टर वाईट होते असं नाही, नुसतं उभं राहून बघितलं की असं होतं.

एमआरआयचं म्हणाल तर साधा एमआरआय मेंदूला मार कुठं लागलाय ते दाखवतो, ऐकू-समजतंय का ते नाही. मेंदू काम करताना बघतं ते फंक्शनल एमआरआय वेगळं, २००६ मध्ये इंग्लंडात व्हेजिटेटिव्ह म्हटलेल्या एका बाईला 'टेनिस खेळताय असं मनात आणा' म्हटलं आणि तसा विचार करताना धडधाकट माणसाच्या मेंदूचा जो भाग पेटतो, बरोबर तोच पेटला. २०२४ ला छापून आलं की सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ पैकी ६० जण मेंदूतनं प्रतिसाद देत होते. पण ते संशोधनातलं काम, त्यासाठी शेत विकू नका. आरसा वीस रुपयाला येतो.

आता हे आधी सांगायला हवं होतं, नजर फिरली म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. आमच्याला तीन वर्षं झाली, 'पेल्याकडं बघ' म्हटलं की चारातनं तीनदा बघतो, बोलत नाही, जेवण अजून नळीनंच. आणि त्याचा डोक्याचा मार होता. तुमच्या सासऱ्यांचं हार्ट बंद पडून झालं असेल तर तीन महिन्यांनंतर सुधारणा फार कमी दिसते, डोक्याच्या माराला वर्षभर वाट बघतात. त्यांना कळतंय का हे मी इथनं नाही सांगू शकत. तोवर खोलीत त्यांच्याविषयी वाईट बोलू नका, एवढं नक्की.

आणि वही आजच घाला. घरात कोणी दाजी-बिजी असतील तर त्यांच्या हातात द्या, तोंडानं वाद घालू नका. मी घातला, ताई दोन दिवाळ्या माहेरी आली नाही.