'दुधाचा अंश असू शकतो' लिहिलेलं व्हीगन माणसाने खावं का?

प्रश्न: ताई, मी दीड वर्षापासून व्हीगन आहे, म्हणजे दूध, अंडं, मध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. परवा डार्क चॉकलेट घेतलं, घटकांच्या यादीत दूध कुठेच नाही पण खाली बारीक अक्षरात 'दुधाचा अंश असू शकतो' असं होतं. मैत्रीण म्हणाली मग हे व्हीगन कसलं! आता बिस्किटं, ब्रेड सगळ्यावरच ती ओळ दिसायला लागलीये. सगळं सोडून देऊ का?

उत्तर: अजिबात सोडू नका, तुम्हाला दुधाची ॲलर्जी नसेल तर. ती ओळ रेसिपीबद्दल नसतेच, ती कारखान्याबद्दल असते. एकाच मशीनवर आधी मिल्क चॉकलेट निघतं आणि मग डार्क, आणि चॉकलेटच्या मशीन पाण्याने धुणं अवघड असतं कारण थोडं पाणी राहिलं तरी पुढचं चॉकलेट घट्ट होऊन बिघडतं, त्यामुळे आधीचं थोडंफार आत चिकटून राहतं आणि पुढच्या मालात येतं. ते दूध तुमच्यासाठी कोणी विकत घेतलेलं नाही, तुम्ही ते चॉकलेट नाही घेतलं म्हणून एका गायीचंही दूध कमी काढलं जाणार नाही. व्हीगन हा शब्द ज्यांनी आणला ती व्हीगन सोसायटी 1944 साली इंग्लंडमध्ये सुरू झाली, तिच्या व्याख्येतही 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असंच म्हटलंय. मला ते फार पटतं, कारण अशा अंशापायी घाबरून लोक व्हीगनपणाच सोडतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

काळजी करायचीच तर घटकांच्या यादीची करा. व्हे, केसीन, लॅक्टोज हे सगळं दुधाचंच. आणि फक्त ॲलर्जीची ओळ बघून पाकीट टोपलीत टाकू नका, युरोपात जे 14 ॲलर्जन (ॲलर्जी आणणारे घटक) सांगणं सक्तीचं आहे त्यात दूध, अंडं, मासे आहेत पण मध नाही, प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनणारं जिलेटिन नाही, किड्यांपासून मिळणारा कारमाइन रंग नाही, गोळ्यांना चकाकी देणारी, लाखेच्या किड्यांपासूनची शेलॅकही नाही. म्हणजे ती ओळ कोरी असली तरी माल व्हीगन असेलच असं नाही.

ॲलर्जी असेल तर मात्र माझं उत्तर अगदी उलटं आहे. तेव्हा ती ओळ म्हणजे नकारच समजा, थोडंसं खाऊन बघू वगैरे नको, काहींना अगदी कणभर दुधानेही जीवघेणी रिॲक्शन येते. व्हीगनचा लोगो म्हणजे ॲलर्जीची हमी नव्हे, आणि बऱ्याच देशांत ही 'असू शकतो'वाली ओळ छापणं कंपनीच्या मर्जीवर असतं त्यामुळे ती नाही म्हणजे धोका नाही असंही धरून चालू नका, थेट कंपनीला विचारा. दुधाची ॲलर्जी असलेलं कोणी तुमच्याकडे जेवायला येणार असेल तर 'आमच्याकडे सगळं व्हीगनच असतं' म्हणून निर्धास्त वाढू नका, आधी पाकीट त्यांच्या हातात द्या.